ग्लोबल एन्ट्री आहे, तरी लायनीत उभं का राहायचं? प्रीचेक, ग्लोबल एन्ट्री आणि आपलं मुंबईचं फास्ट ट्रॅक

अमेरिकेत नेवार्कच्या विमानतळावर एकदा मी हातात ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड घेऊन ऐटीत प्रीचेकच्या, म्हणजे सुरक्षा तपासणीतून लवकर सुटायच्या लायनीत शिरले आणि तिथल्या माणसाने माझा बोर्डिंग पास बघून सरळ पलीकडच्या लायनीकडे बोट केलं, आणि ती लाईन म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशीची, शेपूट कुठे संपतं तेच दिसेना. मी कार्ड दाखवलं, परत दाखवलं, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. राग आला खूप पण खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हतीच. बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण नव्हती कारण तिकीट काढताना कार्डावरचा नंबर टाकायचाच राहिला होता, आणि सुरक्षेच्या लायनीत चालते ती खूण, पाकिटातलं कार्ड नाही. शंभर डॉलर भरून, मुलाखत देऊन, दीड वर्ष कार्ड जपून ठेवून मी तेव्हा सगळ्यांबरोबर बेल्ट काढत उभी होते.

तेव्हापासून डिसेंबर जवळ आला की कोणाचा ना कोणाचा फोन येतो, अगं ते प्रीचेक का काय ते कसं करायचं, आई-बाबांचं होईल का, मुलांचं वेगळं करावं लागतं का. प्रत्येकाला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

पहिल्यांदा नावांचा घोळ. विमानतळावर लायनी दोन असतात आणि त्या दोन वेगळ्या खात्यांच्या आहेत. विमानात बसायच्या आधी बॅग एक्स-रेमध्ये टाकायची, लॅपटॉप काढायचा, ती लाईन टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवास सुरक्षा खात्याची, तिच्यातून लवकर सुटायची सोय म्हणजे प्रीचेक. परदेशातून उतरल्यावर पासपोर्ट दाखवायची लाईन सीबीपीची, म्हणजे सीमा आणि कस्टम्स खात्याची, तिथली सोय म्हणजे ग्लोबल एन्ट्री. ग्लोबल एन्ट्री घेतली की प्रीचेक त्यातच मिळतं, पण प्रीचेक घेतलं म्हणून ग्लोबल एन्ट्री मिळत नाही. दोन्ही ५ वर्षांसाठी असतात. क्लिअर म्हणून अजून एक दिसतं, ते सरकारी नाही, खाजगी कंपनी आहे, डोळे किंवा चेहरा बघून तुम्हाला ओळखपत्र तपासायच्या लायनीच्या पुढे नेऊन सोडतात पण पुढे बॅगेची तपासणी व्हायची तशीच होते. वर्षाची फी बघता मला ते कधी पटलं नाही, दर आठवड्याला उडणाऱ्यांनी बघावं.

आता कोणी काय घ्यायचं. इथे आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. प्रीचेक थेट फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. तुम्ही एच-१बी, एल-१ अशा नोकरीच्या किंवा एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावर असाल किंवा टुरिस्ट व्हिसावर येत असाल तर प्रीचेकचा फॉर्म भरून उपयोग नाही, तुमचा रस्ता ग्लोबल एन्ट्रीवरूनच जातो, कारण भारतीय पासपोर्टवाल्यांना ग्लोबल एन्ट्री जुलै २०१७ पासून खुली आहे. आपल्यातला पहिला नंबर लागला तो तेव्हाचे अमेरिकेतले राजदूत नवतेज सरना यांचा. तरी माझ्या ऑफिसातल्या कितीतरी लोकांना, दहा दहा वर्षं इथे राहिलेल्यांना, आजही वाटतं की हे फक्त सिटिझन लोकांचं आहे. नाहीये.

पैशाचं गणित सोपं आहे. ग्लोबल एन्ट्री १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर झाली, आधी १०० होती. नुसतं प्रीचेक कोणत्या कंपनीकडून नोंदवता त्यावर साधारण ७७ ते ८५ डॉलर. म्हणजे चाळीसेक डॉलरच्या फरकात इमिग्रेशनची लाईनही सुटते, आणि ५ वर्षांत एकदा तरी भारतात जाणार नाही असा मराठी माणूस मी अजून पाहिला नाही, तेव्हा ज्याला दोन्ही मिळू शकतं त्याने ग्लोबल एन्ट्रीच घ्यावी. फक्त प्रीचेकमध्ये एक फायदा आहे, ते फार पटकन मिळतं, तेव्हा पुढच्या महिन्यात बायकोला डिलिव्हरीच्या आधी चार डोमेस्टिक ट्रिपा करायच्यात वगैरे असं काही असेल तर ते ठीक. आणि फी भरायच्या आधी तुमच्या क्रेडिट कार्डाचे फायदे वाचा, बरीच ट्रॅव्हल कार्डं ही फी परत देतात, आम्ही दोघांनी अशीच भरली, खिशातून शून्य. कॅनडात पीआर (कायमचे रहिवासी) किंवा सिटिझन असाल तर तुमच्यासाठी नेक्सस आहे, त्यात ग्लोबल एन्ट्रीचेही फायदे येतात, आणि त्याचीही फी आता १२० डॉलरच.

ग्लोबल एन्ट्रीचा अर्ज कसा करायचा

सुरुवात एकाच ठिकाणाहून, टीटीपी डॉट डीएचएस डॉट जीओव्ही. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर ज्या साइट येतात त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात, झेंडा बिंडा लावून सरकारी दिसतात आणि फॉर्म भरून द्यायचे वरचे पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही नाही ना, मग बंद करा. लॉगिन डॉट जीओव्हीचं एक खातं लागतं ते आधी काढून ठेवा, आणि त्याला असा फोन नंबर द्या जो ५ वर्षांनी पण तुमच्याकडेच असेल. रिन्यू करायच्या वेळी जुन्या नंबरवर कोड जातो आणि माणूस डोकं धरून बसतो, आमच्या घरात हे झालेलं आहे.

फॉर्ममध्ये मागच्या ५ वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या विचारतात आणि मध्ये भोक राहिलेलं चालत नाही. म्हणजे जून २०२२ मध्ये एक अपार्टमेंट सोडलं आणि ऑगस्टमध्ये दुसरं घेतलं तर जुलै कुठे काढला ते पण लिहायचं, मित्राच्या सोफ्यावर काढला असेल तर त्याचा पत्ता. नोकरी नव्हती तर बेरोजगार, शिकत होता तर विद्यार्थी. कुठल्या देशांत गेलात तेही विचारतात. हे सगळं ऑनलाईन फॉर्मसमोर बसून आठवायला गेलात तर रात्र जाईल, आधी एका एक्सेलमध्ये काढून ठेवा. ग्रीन कार्डचा फॉर्म भरलेला असेल तर त्यातलंच बरंच उचलता येतं.

अटक, खटला, कस्टम्सचा दंड यांचे प्रश्न येतात तिथे खरं लिहा. दारू पिऊन गाडी चालवल्याचं एखादं जुनं प्रकरण, जे मिटलंय, ज्याचं पुढे काहीच झालं नाही, ते सुद्धा लिहा आणि कागद जवळ ठेवा. त्यांच्याकडे ते दिसतंच, आणि आपण लपवलं हे दिसलं की अर्ज तिथेच संपला, १२० डॉलर परत मिळत नाहीत.

यापुढचा भाग फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, आणि इथेच अनेकांचे अर्ज महिनोन् महिने अडकतात कारण त्यांना हा टप्पा असतो हेच माहीत नसतं. अमेरिकेकडून तपासणी होते तशी भारताकडूनही होते. त्यासाठी आपल्या पासपोर्ट सेवेच्या साइटवर जीईपीसाठी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असा एक वेगळा अर्ज आहे, जीईपी म्हणजे ग्लोबल एन्ट्री प्रोग्रॅम. भारतात राहणाऱ्याने तो भरायचा, पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची, आणि मग नेहमीसारखं पोलीस व्हेरिफिकेशन. अमेरिकेत राहणाऱ्याने हेच आपल्या कॉन्सुलेटमार्फत करायचं, म्हणजे त्यांच्यासाठी अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीकडे. भारतातला पत्ता असा द्या जिथे कोणीतरी घरी असतं. सासऱ्यांचा अर्ज केला तेव्हा मिरजेला हवालदार घरी आले, चहा झाला, मुलगा कुठल्या कंपनीत, पगार किती, सून काय करते हे सगळं विचारून झालं आणि मग जाता जाता म्हणाले काका आता कायमचं तिकडंच काय? बाबा म्हणाले छे हो, लायनीत उभं राहवत नाही म्हणून.

यानंतर धीर धरायचा. काहींचं दोन आठवड्यात होतं, काहींचं वर्षभर लटकतं, त्याला काही हिशेब नाही. म्हणून ट्रिप ठरल्यावर नाही, ट्रिप नसताना अर्ज करा.

मुलाखत

कंडिशनली अप्रूव्ह्ड (म्हणजे तपासणी झाली, मुलाखत बाकी) असं आलं की तुमच्या हातात ७३० दिवस असतात, तेवढ्यात मुलाखत द्यायची. एन्रोलमेंट सेंटरची अपॉइंटमेंट शोधायला गेलात तर मोठ्या शहरांत पुढच्या कित्येक महिन्यांच्या तारखा दिसतात, पण लोक रद्द करत असतात, सकाळ संध्याकाळ बघत राहिलं की अधूनमधून दोन दिवसांनंतरची जागा दिसते, ती दिसली की विचार करत बसू नका. त्याहून सोपा उपाय म्हणजे अपॉइंटमेंट घ्यायचीच नाही. कंडिशनल अप्रूव्हल हातात असताना तुम्ही परदेशातून परत येत असाल तर उतरल्यावर इमिग्रेशनमध्येच मुलाखत होते, एन्रोलमेंट ऑन अरायव्हल असा बोर्ड शोधायचा किंवा ऑफिसरलाच विचारायचं. मोठ्या बहुतेक विमानतळांवर ही सोय आहे. सासू-सासऱ्यांसारख्या भारतात राहणाऱ्यांना तर हाच मार्ग, मुलाखतीसाठी वेगळं कोण अमेरिकेला येणार?

मुलाखत म्हणजे दहा मिनिटांच्या गप्पा. कुठे राहता, काय काम करता, कशासाठी पाहिजे, कधी अटक झाली का, मग बोटांचे ठसे आणि फोटो. पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, पत्त्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स किंवा विजेचं बिल, एच-१ वाल्यांनी आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस. जुनी केस असेल तर कोर्टाचा कागद. माझ्या मुलाखतीत ऑफिसरने अर्धा वेळ बटर चिकन या विषयावर घालवला, मी शाकाहारी आहे हे सांगायची सोय नव्हती.

मग अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना कार्ड पोस्टाने येतं, ते साइटवर जाऊन ॲक्टिव्हेट करायचं असतं. त्याच्या मागे ९ आकडी नंबर असतो, पास आयडी म्हणतात, हाच तुमचा नोन ट्रॅव्हलर नंबर. नवऱ्याने कार्ड कुठे ठेवलंय त्याला माहीत नाही पण नंबर पाठ आहे, आणि ते बरोबर आहे. नंबर तुमच्या टीटीपी खात्यातही दिसतो.

नाव, नाव आणि नाव

आता मुद्द्याचं. विमान कंपनी तुमचं नाव, जन्मतारीख आणि हा नंबर टीएसएकडे पाठवते आणि तिन्हींची जुळणी झाली तरच बोर्डिंग पासवर प्रीचेक छापून येतं. एक अक्षर इकडे तिकडे झालं की गेलं. आणि आपल्या नावांइतकी जुळणी बिघडवणारी नावं जगात कमी असतील. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या खान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, वर आडनाव. आता तिकीट काढताना कोणी वडिलांचं नाव मिडल नेममध्ये घालतं, कोणी घालतच नाही, काही साइट दोन नावं चिकटवून एकच लांबलचक आगगाडी करून छापतात. चिकटवलेलं असलं तरी सहसा चालतं, पण ग्लोबल एन्ट्रीच्या खात्यात बापाचं नाव आहे आणि तिकिटावर ते नाहीच, असं झालं की गडबड सुरू होते.

मी काय करते ते सांगते. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं टीटीपी खात्यात, आणि तसंच प्रत्येक एअरलाईनच्या फ्रिक्वेंट फ्लायर खात्यात. एकदा त्या खात्यात नंबर सेव्ह केला की त्या खात्यातून काढलेल्या तिकिटांवर आपोआप येतो. पण बाहेरच्या साइटवरून, एजंटकडून किंवा ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कमधून तिकीट काढलं तर येईलच असं नाही, तेव्हा एअरलाईनच्या ॲपमध्ये बुकिंग उघडून बघायचंच. फॉर्ममध्ये शेजारी शेजारी दोन खाने असतात, नोन ट्रॅव्हलर आणि रिड्रेस, रिड्रेसमध्ये नंबर टाकून वर्षभर प्रीचेक का येत नाही म्हणून रडणारी एक मैत्रीण आहे माझी. चेक-इन करून बसलात आणि मग आठवलं तरी हरकत नाही, नंबर टाका आणि बोर्डिंग पास पुन्हा काढा, ॲपमध्ये होत नसेल तर काउंटरवर सांगा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर विशेष लक्ष द्या. पासपोर्ट नवीन नावाने, लायसन्स जुन्या नावाने, ग्लोबल एन्ट्री माहेरच्या नावाने, असं त्रांगडं मी पाहिलंय. एकतर सगळं बदला नाहीतर काहीच बदलू नका. पासपोर्टवर आडनावाचा खाना रिकामा असलेल्यांच्या व्हिसावर एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) येतं, त्यांनी शक्य असेल तर पुढच्या पासपोर्टच्या वेळी नाव नीट दोन भागांत करून घ्यावं, ही एकच गोष्ट आयुष्यातले शंभर फॉर्म सोपे करते.

पासपोर्ट रिन्यू झाला की नवीन नंबर टीटीपी खात्यात टाकायचा. हे न केल्यामुळे मशीनसमोर लाल पट्टी येऊन परत मोठ्या लायनीत गेलेले लोक कमी नाहीत. एच-१ चं ग्रीन कार्ड झालं, ग्रीन कार्डचं सिटिझनशिप झालं तर एन्रोलमेंट सेंटरला एक चक्कर मारून बदलून घ्या.

लायनीत काय करायचं, काय नाही

प्रीचेकच्या लायनीत लॅपटॉप बॅगेतच, पातळ वस्तूंची पिशवी बॅगेतच, बेल्ट आणि हलकं जाकीट अंगावरच. बुटांचं म्हणाल तर ८ जुलै २०२५ पासून अमेरिकेत सगळ्यांनाच बूट काढायला लागत नाहीत, म्हणजे प्रीचेकवाल्यांची तेवढी ऐट गेली. इथे बहुतेक वेळा हात वर करून उभं राहायच्या स्कॅनरऐवजी साधा मेटल डिटेक्टर असतो, तेव्हा हातात जाड पाटल्या घालून गेलात तर वाजेल, मंगळसूत्राने माझं कधी वाजलं नाही. १०० मिलीलिटरचा नियम मात्र प्रीचेकलाही आहे. लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, पीनट बटर सुद्धा, हे सगळं त्यांच्या हिशेबाने पातळ. आणि आपल्याला माहीत नसलेला नियम पावडरचा, परदेशातून अमेरिकेला येणाऱ्या विमानात ३५० मिलीलिटरपेक्षा जास्त पावडर केबिन बॅगेत असली तर वेगळी तपासणी होऊ शकते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सत्तूचं पीठ, झालं ना अर्धं सामान? ते सगळं चेक-इन बॅगेत टाका.

मुंबईहून येऊन पुढे डोमेस्टिक फ्लाईट असेल, समजा नेवार्कला उतरून पुढे रॅलेला जायचंय, तर लक्षात ठेवा की पहिल्या विमानतळावर बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या, परत द्यायच्या आणि मग पुन्हा सिक्युरिटी. ग्लोबल एन्ट्री आणि प्रीचेक दोन्हीचा खरा फायदा इथे कळतो, दोन तासांचं कनेक्शन जीव मुठीत न धरता होतं. ड्युटी फ्रीची बाटली हातात असेल तर बॅगा परत देताना ती चेक-इन बॅगेत टाका, पुढच्या सिक्युरिटीला हातात असली तर अडवू शकतात.

प्रीचेक दर वेळेस मिळेलच असं नाही, मुद्दाम कधीतरी देत नाहीत, आणि प्रत्येक एअरलाईन यात सहभागी नाही. बोर्डिंग पासवर एसएसएसएस आलं तर वेगळी पूर्ण तपासणी, तिथे कुठलंही कार्ड दाखवून उपयोग नाही, अर्धा तास हातात ठेवा. ओळखपत्राचं म्हणाल तर ७ मे २०२५ पासून डोमेस्टिकलाही रिअल आयडी, म्हणजे तारा छापलेलं लायसन्स, किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र लागतं, लायसन्सवर तारा नसेल तर पासपोर्ट बरोबर ठेवा.

बॅगेतला आंबा

हे वेगळं लिहिते कारण ग्लोबल एन्ट्री जायचं आपल्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच असणार. ग्लोबल एन्ट्रीमध्ये मशीन तुमचा फोटो काढतं आणि ऑफिसर नावाने हाक मारून सोडतो, कागद नाही, प्रश्न जवळजवळ नाही, आणि त्या घाईत खाण्याचं सामान आहे हे सांगायचं राहून जातं. न सांगितलेलं खाणं बॅगेत सापडलं तर दंड तर होतोच पण मेंबरशिप जाऊ शकते, आणि एकदा गेली की परत मिळवताना नाकी नऊ येतात. सांगितलं आणि ते चालत नसलं तर ते काढून कचऱ्यात टाकतात, बस, संपलं. म्हणून काहीही खायचं असेल तर येस, फूड आहे असं तोंडाने सांगायचं. लाडू, चिवडा, चकली, पॅकबंद मसाले याला सहसा कोणी काही म्हणत नाही. ताजा कढीपत्ता नाही, ताजी फळं नाहीत, मांस नाही. हापूस तर नाहीच. भारतातून आंबा अमेरिकेत २००७ पासून रीतसर येतो पण तो लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रात विकिरण करून, पेटीवर शिक्के घेऊन येतो. देवगडहून मामाने प्रेमाने दिलेल्या पेटीवर तो शिक्का नसतो.

मुलं आणि आई-बाबा

प्रीचेकला १२ वर्षांपर्यंतची मुलं आई किंवा बाबांबरोबर तशीच जातात. १३ ते १७ ची मुलं एकाच बुकिंगवर असतील आणि त्यांच्या बोर्डिंग पासवर खूण आली असेल तर. पण ग्लोबल एन्ट्रीला असं नाही, तिथे तान्ह्या बाळाचंही स्वतःचं खातं लागतं, नाहीतर सगळं कुटुंब साध्या लायनीत. बरं म्हणजे १८ च्या आतल्यांची फी आता माफ आहे, आई किंवा बाबा मेंबर असले किंवा बरोबरच अर्ज करत असले तर. मुलाखतीला मात्र त्यांना न्यावं लागतं, आमच्या तीन वर्षांच्या माणसाला ऑफिसरने विचारलं तुझं नाव काय, तर तो टेबलाखाली गेला, तरी अप्रूव्ह झालं.

आई-बाबांचं बी-१ बी-२ या टुरिस्ट व्हिसावर पण ग्लोबल एन्ट्री होतं, पण मी सगळ्यांना करा म्हणणार नाही. दर वर्षी येणारे असतील तर जरूर. ५ वर्षांत एकदा येणार असतील तर पोलीस व्हेरिफिकेशनच्या चकरा आणि १२० डॉलर कशाला? ७५ च्या पुढच्यांना साध्या लायनीतही हलकं जाकीट काढायला लावत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन, पेसमेकर, असं काही असेल तर प्रवासाच्या ७२ तास आधी टीएसए केअर्सला कळवलं की मदतीला माणूस मिळतो. भाषेच्या भीतीने व्हीलचेअर मागवतात ते मला समजतं, पण कधी कधी सहा आजी-आजोबा रांगेने बसवून ठेवतात आणि ढकलणारा एकच, चालता येत असेल तर लायनीतूनच लवकर होतं.

मुंबईला

आता आपल्याकडेही अशी सोय झाली आहे आणि ती फुकट आहे, तरी फार कमी लोक वापरताना दिसतात. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम असं लांबलचक नाव. दिल्लीला टर्मिनल ३ वर २२ जून २०२४ ला सुरू झालं आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, कोची, अहमदाबादला. भारतीय पासपोर्टवाले आणि ओसीआय कार्डवाले दोघांनाही चालतं, म्हणजे अमेरिकन पासपोर्ट झालेल्या आपल्या लोकांनीही घ्यावं.

एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर अर्ज करायचा. पासपोर्ट किमान ६ महिने शिल्लक पाहिजे. पासपोर्टची पानं स्वच्छ स्कॅन करा, मोबाईलने रात्री ट्यूबलाईटखाली काढलेल्या चकाकणाऱ्या फोटोंमुळेच माझा पहिला अर्ज परत आला. मंजुरीचा मेसेज आला की बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) ऑफिसात अपॉइंटमेंट घ्यायची किंवा प्रवासाच्या वेळी विमानतळावरच द्यायचं. भारतात सुट्टीवर येणाऱ्यांना विमानतळच बरं, पण मग थोडे लवकर पोचा. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते, तेव्हा पासपोर्टचं एकच वर्ष राहिलं असेल तर आधी पासपोर्ट रिन्यू करा. नंतर इमिग्रेशनला ई-गेटवर पासपोर्ट ठेवायचा, जाताना बोर्डिंग पासही, चेहरा दाखवायचा, दार उघडतं. रात्री एक ते तीनच्या मध्ये मुंबईतून जी सगळी विमानं सुटतात आणि लाईन वळणं घेत घेत मागे जाते, त्या वेळेला हे दार सोन्याचं वाटतं.

फक्त हे इमिग्रेशनचं आहे, सिक्युरिटीचं नाही. सीआयएसएफची तपासणी सगळ्यांना सारखी, लॅपटॉप काढायचा, पॉवर बँक केबिन बॅगेतच. डिजीयात्रा त्याहून वेगळी, ती फक्त डोमेस्टिकला, १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू, वाराणसीला सुरू झाली, आता मुंबई, पुणे, दाबोळी अशा बऱ्याच ठिकाणी आहे. आधारवरून नोंदणी करायची आणि प्रत्येक प्रवासाआधी बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकून विमानतळाशी शेअर करायचा, हे शेअर करायचं विसरून गेटसमोर चेहरा दाखवत उभे राहणारे रोज दिसतात. दारावर आणि सिक्युरिटीत शिरताना चेहऱ्याने आत सोडतात, आत बॅग आणि अंगझडती आहेच.

मागच्या खेपेला ई-गेटमधून मी तीन मिनिटांत बाहेर आले, नवरा मागे लायनीत, त्याने अर्जच केला नव्हता. मी विजयी मुद्रेने बेल्टपाशी जाऊन उभी राहिले. तो चाळीस मिनिटांनी आला, ट्रॉली घेऊन, तरी आमची पहिली बॅग आली नव्हती.